‘द साउंड ऑफ जॅझ’, ८ डिसेंबर १९५७: एका थेट प्रक्षेपणाचा प्रकरण अभ्यास

रविवारची संध्याकाळ, न्यूयॉर्कमध्ये पाचची वेळ. सीबीएस या अमेरिकन टीव्ही वाहिनीच्या ‘द सेव्हन लाइव्हली आर्ट्स’ या मालिकेत एका तासाचा जॅझचा कार्यक्रम सुरू झाला. कृष्णधवल आणि थेट. चूक झाली तर पुन्हा घेण्याची सोय नाही. निर्माता रॉबर्ट हेरिज, दिग्दर्शक जॅक स्माइट, निवेदक ‘न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यून’चा टीव्ही समीक्षक जॉन क्रॉस्बी. वादक निवडण्याचं काम नॅट हेंटॉफ आणि व्हिटनी बॅलिएट या दोन जॅझ समीक्षकांकडे होतं. टीव्हीवर जॅझ त्याआधीही दिसत होता आणि नंतरही दिसला. तरीही ‘जॅझ कसा दाखवावा’ हा प्रश्न निघाला की आजही याच तासाकडे बोट दाखवलं जातं, आणि त्यातही गायिका बिली हॉलिडेच्या एका ब्लूजकडे, म्हणजे त्या गीतप्रकारातल्या एका गाण्याकडे. तो तास कसा उभा राहिला, त्यात काय बिघडलं आणि आपल्या हाती त्यातलं किती उरलं, ते इथे पाहू.

आधी अडचण नेमकी काय होती, ते समजून घ्यायला हवं. १९५०च्या दशकातलं थेट प्रक्षेपण नाटकासारखं बसवलेलं असे. संहितेत प्रत्येक शॉटला क्रमांक. प्रत्येक कॅमेरामनकडे फक्त त्याच्या शॉटची यादी. जमिनीवर खुणा. नियंत्रण कक्षातून दिग्दर्शक आधी कॅमेऱ्याला तयार राहायला सांगणार, मग स्विचरवरच्या माणसाला चित्र बदलायला सांगणार. हे सगळं इतकं आधी ठरवावं लागे याचं कारण यंत्रातच होतं. झूम लेन्स अस्तित्वात होती, पण ती मुख्यतः मैदानी खेळांसाठी वापरली जाई. स्टुडिओतल्या कॅमेऱ्याच्या तोंडावर चार लेन्सची फिरती चकती असे, तिला टरेट म्हणत. जवळचा चेहरा हवा तर कॅमेरामनने मागची मूठ फिरवून लांब पल्ल्याची लेन्स समोर आणायची आणि फोकस नव्याने धरायचा. चित्र प्रक्षेपित होत असताना हे करता येत नसे. लेन्स फिरताना दिसणारा झटका थेट घरोघरी पोचला असता. म्हणजे पुढचा शॉट कोणता, हे कॅमेरामनला काही सेकंद आधी कळायलाच हवं.

जॅझ नेमकी हीच खात्री देत नाही. सोलो, म्हणजे एकट्याचं वादन, एका आवर्तनात संपेल की वादक रंगात येऊन दुसरं घेईल, मागचे वादक मधेच एखादा तुकडा उचलून धरतील का, हे वाजवणाऱ्यालाही आधी ठाऊक नसतं.

तोवर यावर दोन तोडगे चालत होते. पहिला, संगीतच बांधून टाकायचं. तीन मिनिटांचं गाणं, सोलोचे बार (तालाचे ठरावीक मात्रांचे तुकडे) मोजून दिलेले, मागे चकचकीत कोट घातलेला वाद्यवृंद आणि पुढे ठरलेल्या खुणेवर उभी गायिका. चित्र निर्दोष आणि संगीतातला जीव गेलेला. दुसरा तोडगा म्हणजे लांबून सगळा मंच दाखवायचा आणि सोडून द्यायचं. पण त्या काळच्या १७ किंवा २१ इंची पडद्यावर पंधरा वादक एकदम दाखवले तर कोण वाजवतोय हेसुद्धा कळत नाही.

हेरिजच्या चमूने तिसरी वाट काढली. तिला नुसतं ‘उत्स्फूर्त’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. शॉटचा क्रम मोकळा सोडता आला, कारण त्याच्या आजूबाजूच्या गोष्टी फार विचार करून ठरवल्या होत्या.

पहिला निर्णय जागेचा. कार्यक्रम झाला तो सीबीएसच्या स्टुडिओ ५८ मध्ये, म्हणजे नवव्या अव्हेन्यूजवळच्या जुन्या टाउन थिएटरमध्ये. तिथे नेपथ्य जवळजवळ ठेवलंच नाही. उघडी भिंत, दिवे, तारा, स्टूल. आणि महत्त्वाचं म्हणजे, कॅमेरे एकमेकांच्या चित्रात आले तरी चालतील असं ठरवलं.

ही शेवटची सूट वरवर साधी दिसते, पण माझ्या मते सगळा कार्यक्रम तिच्यावर तोलला होता. कॅमेरा कॅमेऱ्याला दिसता कामा नये असा नियम असला, की सगळे कॅमेरे समोरच्या एका कमानीत उभे राहतात. मग वादकांनाही त्या कमानीकडे तोंड करून रांगेत बसावं लागतं. रांगेत बसलेल्यांना एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत, आणि ज्यांना एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत त्यांचा संवाद तुटतो. नियम काढला तेव्हा वादक अर्धवर्तुळात, बैठकीत बसावेत तसे, एकमेकांकडे पाहत वाजवू लागले. कॅमेऱ्यांनाही बाजूने, खांद्यामागून, अगदी जवळून जाता आलं. हीच गोष्ट मायक्रोफोनची. नाटकात तो चौकटीबाहेर लपवावा लागतो, म्हणून दूर राहतो आणि आवाजात खोलीचा घुमारा मिसळतो. इथे माइक दिसला तर बिघडणार नव्हतं, म्हणून तो जवळ नेता येत होता.

दुसरा निर्णय कपड्यांचा. वादकांनी तालमीला येतात तसंच यायचं होतं. कोणी स्वेटरमध्ये आला, कोणी टोपी घालूनच वाजवायला बसला. यामागे कलात्मक विचार होता हे खरं, पण त्याचा तांत्रिक फायदाही होता. तेव्हाच्या कॅमेऱ्यात इमेज ऑर्थिकॉन ही नळी असे. जुन्या आयकोनोस्कोपपेक्षा तिला प्रकाश खूप कमी लागे, पण एक खोड होती. चित्रात एखादी जागा फार उजळ झाली, की तिच्याभोवती काळं वलय उमटे. पांढराशुभ्र शर्ट आणि काळा कोट हा तर सगळ्यात वाईट जोड. शर्ट जळून पांढरा फटक पडणार आणि शेजारचा चेहरा काळवंडणार. म्हणूनच त्या काळी टीव्हीवर येणाऱ्यांना पांढऱ्याऐवजी फिकट निळा किंवा राखाडी शर्ट घालायला सांगत. ट्रंपेट-ट्रॉम्बोनच्या पितळेवर दिवा चमकला तरी तेच होई. या कार्यक्रमात बहुतेक वादक कृष्णवर्णीय होते. त्यांच्या चेहऱ्यावरचे बारीक भाव टिपायचे, तर चौकटीतला शुभ्र कपडा जितका कमी तितकं बरं. साध्या कपड्यांनी निम्मं काम आपोआप झालं.

तिसरा निर्णय कॅमेरामनबद्दलचा. काही चांगलं दिसलं तर यादीची वाट न पाहता ते धरा, अशी मोकळीक त्यांना होती. स्माइट नियंत्रण कक्षात समोरच्या पडद्यांवर येणारी चित्रं पाहून तिथल्या तिथे निवड करत होता. वादकांइतकाच तोही त्या क्षणी रचत होता.

वादकांची निवड समीक्षकांच्या कानाने झाली, नावाच्या खपाने नाही. पियानोवादक काउंट बेसीने या तासापुरता जमवलेला मोठा ताफा, त्याच्यासोबत गायला जिमी रशिंग. रेड ॲलनचा जथा, त्यात रेक्स स्टुअर्ट आणि पी वी रसेल. पियानोवादक थेलोनियस मंकचं त्रिकूट. जिमी जुफ्रीचं त्रिकूट, त्यात गिटारवर जिम हॉल. जुफ्री आणि रसेल या दोन वेगळ्या पिढ्यांच्या क्लॅरिनेटवाल्यांची जुगलबंदीही होती. गोरे आणि कृष्णवर्णीय वादक एकाच वर्तुळात होते. १९५७ च्या अमेरिकन टीव्हीवर ही लहान गोष्ट नव्हती. त्याच सुमाराला एनबीसी या दुसऱ्या वाहिनीवर कृष्णवर्णीय गायक नॅट किंग कोलचा कार्यक्रम राष्ट्रीय प्रायोजक मिळत नाही म्हणून गुंडाळला जात होता. त्याचा शेवटचा भाग १७ डिसेंबरला, म्हणजे या रविवारनंतर नऊच दिवसांनी झाला.

आता ते ब्लूज. ‘फाइन अँड मेलो’ हॉलिडेने १९३९ साली पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केलं होतं. बांधणी बारा बारच्या ब्लूजची. प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन. शब्दांच्या ओळी तीन. पहिली गायची, तीच पुन्हा गायची, मग तिसरी ओळ उत्तर देते. गळा थांबतो त्या मोकळ्या जागेत एखादं वाद्य भरणा करतं. गाण्याआधी हॉलिडेचा आधी मुद्रित केलेला आवाज ऐकू येतो. ब्लूजमध्ये दुःखही असतं आणि आनंदही, असं ती साध्या शब्दांत सांगते. मग थेट गाणं सुरू होतं.

ती उंच स्टुलावर बसलेली, भोवती वादक. पियानोवर तिचा त्या काळचा साथीदार माल वॉल्ड्रन, गिटारवर डॅनी बार्कर, बासवर मिल्ट हिंटन, ड्रम्सवर ओसी जॉन्सन. सोलो या क्रमाने येतात: बेन वेबस्टर, लेस्टर यंग, ट्रॉम्बोनवर व्हिक डिकन्सन, बॅरिटोन सॅक्सोफोनवर जेरी मलिगन, कोलमन हॉकिन्स आणि शेवटी ट्रंपेटवर रॉय एल्ड्रिज. मधे मधे हॉलिडेची आवर्तनं. टेनर सॅक्सोफोनचे तीन मोठे वादक, वेबस्टर, यंग आणि हॉकिन्स, एकाच गाण्यात. तिघांचा नाद इतका वेगळा, की डोळे मिटूनही ओळखता यावा.

शॉटची यादी नसताना हे नऊ मिनिटांच्या आतलं गाणं कॅमेऱ्यांनी सांभाळलं कसं? उत्तर बंदिशीतच आहे. लय इतकी संथ, की एक आवर्तन साधारण चाळीस सेकंदांचं. शेवटचे चार बार म्हणजे तेरा-चौदा सेकंद. नवव्या बारला तिसरी ओळ लागते आणि अकराव्या-बाराव्या बारला सुरावट पुन्हा सुरुवातीकडे वळते. हे ज्याला ऐकू येतं, त्याच्या हाती लेन्स फिरवून फोकस धरण्याइतका वेळ दर आवर्तनात असतो. सोलोचा क्रम ठाऊक असला की वेळापत्रक कागदावर नसलं तरी तालात असतं. समेचा अंदाज असलेल्या तबलजीला गवई पुढे काय घेणार हे कळत नाही, पण कुठे येणार ते कळतं. तसंच हे. द्रुत लयीत ही युक्ती इतकी सोपी राहत नाही. आवर्तन चौदा-पंधरा सेकंदांत उडून गेलं की शेवटच्या चार बारांना जेमतेम पाच सेकंद उरतात, आणि कॅमेरा सोलोवर पोचेपर्यंत सोलोची सुरुवात निघून जाते.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. एक कॅमेरा वाजवणाऱ्यावर असताना दुसरा पुढच्या वादकाची तयारी दाखवायला धावत नाही. तो ऐकणाऱ्यावर थांबतो. यंगचा सोलो याच कारणाने लक्षात राहतो. यंग आणि हॉलिडे १९३७ पासून एकत्र ध्वनिमुद्रण करत आले होते. तो तिला ‘लेडी डे’ म्हणायचा, ती त्याला ‘प्रेझ’. १९५७ पर्यंत यंगची प्रकृती पार ढासळली होती. बेसीच्या ताफ्यात वाजवण्याइतकीही ताकद नव्हती, म्हणून तिथे त्याच्या जागी वेबस्टर बसला. या गाण्यात तू बसूनच वाजव, असं त्याला सांगितलं होतं, हे हेंटॉफने पुढे लिहून ठेवलं आहे. पाळी आली तेव्हा यंग उठून उभा राहिला. एकच आवर्तन वाजवलं. स्वर थोडे, मधल्या जागा मोठ्या, कुठेही घाई नाही. तेवढ्यात कॅमेरा हॉलिडेच्या चेहऱ्यावर येतो. ती त्याच्याकडे पाहते, ओठांवर हसू येतं, मान हलकेच डोलते. जणू प्रत्येक स्वर कुठे उतरणार हे तिला आधीच माहीत आहे. नियंत्रण कक्षात त्या वेळी डोळे ओले झाले होते, असं हेंटॉफ सांगतो. यंग १५ मार्च १९५९ ला गेला, हॉलिडे त्याच वर्षी १७ जुलैला.

चित्रांची यादी आधी बनवली असती तर हा शॉट तीत आलाच नसता. संहिता लिहिणारा माणूस ‘यंग: सोलो, मध्यम शॉट’ एवढंच लिहील. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटेल हे कागदावर कोण मांडणार? आपल्याकडे ख्यालाची मैफल चित्रित करतानाही हीच चूक सर्रास होते. गवयाने जागा घेतली की कॅमेरा गवयावरच चिकटून राहतो आणि हार्मोनियमवाल्याची दाद सुटून जाते.

बिघडलंही बरंच. बेसीचा जुना बासवादक वॉल्टर पेज यायचा होता, पण तो आजारी पडला आणि त्याच्या जागी एडी जोन्स वाजवायला बसला. पेज २० डिसेंबरला, कार्यक्रमानंतर बारा दिवसांनी वारला. साध्या कपड्यांचा निर्णय हॉलिडेपर्यंत वेळेत पोचलाच नव्हता. हेंटॉफच्या आठवणीप्रमाणे तिने खास या कार्यक्रमासाठी पाचशे डॉलरचा गाउन घेतला होता, आणि तो घालायचा नाही हे कळल्यावर ती भडकली. शेवटी ती केस मागे बांधून, साध्या स्वेटर-पँटमध्ये आली. आज ते रूप आपल्याला तिचं खरं रूप वाटतं. तिच्या दृष्टीने ते लादलेलं होतं, ही गोष्ट विसरू नये. कलाकाराला ‘नैसर्गिक’ दाखवायचं असेल तर ते त्याला आधी विचारायला हवं. तुरुंगात जाऊन आलेली, अमली पदार्थांशी नाव जोडलेली बाई रविवारी लोकांच्या घरात नको, असा आक्षेपही आधी आला होता. तो हेरिजने मानला नाही.

मंकच्या वेळी ‘कोणीही कुठेही बसावं’ या मोकळेपणाची दुसरी बाजू दिसली. ‘ब्लू मंक’ चालू असताना बेसी पियानोच्या पलीकडे, थेट मंकच्या समोर बसून त्याच्याकडे टक लावून पाहत होता. चित्र म्हणून ते सुंदर आहे. एक ज्येष्ठ पियानोवादक दुसऱ्याची विचित्र बोटं निरखतो आहे. पण ऐकणाऱ्याचा चेहरा हवा म्हणून त्याला वाजवणाऱ्याच्या नजरेसमोर बसवलं, तर वाजवणाऱ्याला त्याचा जाच होऊ शकतो. मंकला ते रुचलं नव्हतं असं सांगतात.

आता आपल्या हाती काय उरलं ते. आज आपण पाहतो तो किनेस्कोप, म्हणजे विशेष पडद्यावर येणारं टीव्हीचं चित्र फिल्मच्या कॅमेऱ्याने टिपलेली प्रत. अँपेक्स कंपनीची व्हिडिओटेप १९५६ मध्येच आली होती आणि सीबीएसने त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला बातम्यांसाठी ती वापरलीही. पण ती दोन इंची टेप महाग होती, पुसून पुन्हा वापरली जाई. फिल्म पुसता येत नाही. किनेस्कोप दर्जाने कमी असूनही जास्त टिकला, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

त्याचा हिशोब असा. अमेरिकन टीव्ही सेकंदाला ३० पूर्ण चित्रं दाखवी, प्रत्येक दोन अर्ध्या चित्रांची मिळून, म्हणजे ६० अर्धी चित्रं. फिल्म सेकंदाला २४ चौकटी धावते. एका चौकटीला १/२४ सेकंद, म्हणजे १२० व्या भागांच्या हिशोबात पाच भाग. त्यातले चार भाग शटर उघडं राहतं आणि दोन अर्धी चित्रं टिपली जातात. पाचव्या भागात शटर बंद, त्या १/१२० सेकंदात फिल्म पुढची चौकट आणून थांबलेली हवी. म्हणजे दर पाचातला एक भाग कायमचा गेला. शटरची वेळ किंचित चुकली की चित्राच्या मधोमध आडवा पट्टा उमटतो, कारण तिथे दोन अर्ध्या चित्रांचा सांधा नीट जुळत नाही. त्या रविवारी घरी बसून पाहणाऱ्यांना यंगची बोटं आपल्याला दिसतात त्याहून बरीच सफाईने हलताना दिसली असणार.

फिल्मच्या लांबीचाही प्रश्न असे. १६ मिमी फिल्म मिनिटाला ३६ फूट धावते, तासाला २१६० फूट. १२०० फुटांचं रीळ ३३ मिनिटांत संपतं. म्हणून तासाभराच्या कार्यक्रमाला दोन यंत्रं आलटून पालटून चालवावी लागत, आणि बदलाच्या जागी दोन्हींवर काही सेकंद तेच चित्र घ्यावं लागे. १६ मिमी फिल्मवरचा प्रकाशीय ध्वनिपट्टा चित्राच्या २६ चौकटी पुढे असतो. प्रत तयार करताना हे अंतर चुकलं की ओठ आणि आवाज यांची फारकत होते. वरच्या पट्टीतला नादही या पट्ट्यावर बराच छाटला जातो. झांजांची चकाकी आणि हॉलिडेच्या आवाजातला श्वास त्यामुळे किनेस्कोपमध्ये दबलेला येतो.

इथेच एक गोंधळ हमखास होतो. त्याच नावाची कोलंबिया या ध्वनिमुद्रण कंपनीची एलपी (तबकडी) मिळते, आणि ती कार्यक्रमाचाच ध्वनी आहे असं पुष्कळांना वाटतं. ती वेगळी आहे. ती कार्यक्रमाच्या चार दिवस आधी, ४ डिसेंबरला, कोलंबियाच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत मुद्रित झाली. ओळखायची खूण सोपी आहे. ‘फाइन अँड मेलो’मध्ये मलिगनचा बॅरिटोन ऐकू आला तर तो टीव्हीचा आवाज, नाही आला तर एलपी. एलपीवर मंकही नाही, त्याऐवजी वॉल्ड्रनचं एकट्याचं पियानोवादन आहे. नाद एलपीवर कितीतरी चांगला आहे. तरी यंगचं ते आवर्तन ऐकायचं तर टीव्हीचंच ऐकावं.

हे चालू असताना भारतात टीव्ही नव्हता. दिल्लीत तो १५ सप्टेंबर १९५९ ला आला, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला. चिक चॉकलेटसारख्या मुंबईतल्या गोवेकर वादकांनी जॅझ उचलला तो तबकड्यांवरून आणि हॉटेलांत येणाऱ्या परदेशी वादकांकडून. यंग सॅक्सोफोन कसा तिरका धरायचा, हे त्यांना छायाचित्रांवरूनच ताडावं लागलं असणार.

‘द सेव्हन लाइव्हली आर्ट्स’ फेब्रुवारी १९५८ मध्येच बंद पडली. हेरिज आणि स्माइट यांनी मात्र हीच रीत २ एप्रिल १९५९ ला पुन्हा वापरली. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस आणि गिल इव्हान्सचा वाद्यवृंद स्टुडिओत मुद्रित केला, तो १९६० मध्ये प्रक्षेपित झाला. तिथेही नेपथ्य नाही, कॅमेरे आणि तारा दिसतात. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन सोलो घेत असताना माइल्स बाजूला सरून सिगारेट ओढत उभा राहतो, आणि कॅमेरा त्याला चौकटीबाहेर जाऊ देत नाही.